आधी बोर्ड, मग बाकीचं

सुरतेत कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची पावलं रिंग रोडवरच्या मजुरा गेटकडे वळतात. तिथली इंटरनॅशनल ट्रेड सेंटर ही इमारत सगळ्यांच्या तोंडी ‘आयटीसी’ म्हणूनच आहे. दिवाळीच्या तोंडावर तिथल्या दुकानांत काचेच्या बाजूची, आतून रंगीत दिवे फिरणारी कॅबिनेटं दर्शनी मांडलेली असतात आणि त्यांच्यापुढे शाळा-कॉलेजातली पोरं घोळक्यानं उभी असतात. सोबत बाप, काका, नाहीतर मोठा भाऊ. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘बजेट केटलुं छे?’ दुसरा प्रश्न पोरगा विचारतो : ‘ग्राफिक कार्ड कुठलं?’ तिसरा दिव्यांचा. मदरबोर्ड कुठला आणि रॅम कशी, हे विचारायचंच राहून जातं. कोटेशनच्या कागदावर त्या दोन ओळी ‘बी-सीरिज बोर्ड’ आणि ‘१६ जीबी रॅम’ एवढ्यावर भागवलेल्या असतात.

त्या दोन ओळी पूर्ण लिहून घ्याव्यात, एवढ्यासाठी हा लेख आहे. ग्राफिक कार्ड दोन वर्षांनी काढून विकता येतं, कॅबिनेट दहा वर्षं टिकतं, एसएमपीएस दुसऱ्या पीसीत जातो. पण बोर्ड एकदा बसवला की पुढची चार-पाच वर्षं कोणता प्रोसेसर घालायचा, कोणती रॅम वाढवायची, किती खर्चात वाढवायची, हे सगळं तोच ठरवतो. एकरकमी दीड-दोन लाख रुपये मोजणाऱ्याला याची झळ लागत नाही; त्याचं चुकलं तर तो नवा घेतो. झळ लागते ती टप्प्याटप्प्यानं घेणाऱ्याला. आणि सुरतेत टप्प्याटप्प्यानं घेणारी घरं फार आहेत.

त्यांतली कितीतरी आपली मराठी आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरताना धुळे, जळगाव, नंदुरबारकडची भाषा पावलोपावली कानावर पडते. उधना–जळगाव रेल्वेनं खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या यंत्रमागांवर आणली. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, गणपती आहेत, आणि आता तिसऱ्या पिढीची पोरं आहेत. आजोबांनी लूम चालवली, वडील मिलमध्ये किंवा हिऱ्याच्या कारखान्यात, आणि पोरगं सायबर कॅफेत किंवा मित्राकडे व्हॅलोरंट खेळत, रात्री व्हिडिओ एडिटिंग शिकत. बारावीनंतर साडीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून रिंग रोडच्या एखाद्या टेक्स्टाइल मार्केटात कामाला लागायचं, हा विचारही सोबत असतो. अशा घरात ‘गेमिंग पीसी’ हे फक्त खेळणं नसतं. एकाच पेटीवर रात्री खेळ आणि दिवसा काम होणार असतं. डिझाइनच्या फायलींना थरावर थर असतात, त्या उघडल्या की रॅम गिळतात. म्हणून रॅमचा प्रश्न या घरांना दोन्हीकडून भिडतो.

पैसा येतो तो दिवाळीच्या बोनसमधून, भिशीतून, नाहीतर हप्त्यांवर. हिऱ्याच्या धंद्यात गेली काही वर्षं मंदी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावल्यावर ती आणखी बोचली. तेव्हा ‘आत्ता एवढं घेऊ, ग्राफिक कार्ड पुढच्या दिवाळीला, रॅम त्याच्या पुढच्या’ असंच ठरतं. हे शहाणपणाचं आहे. अट एकच : आज घेतलेल्या बोर्डात पुढच्या दिवाळीची वस्तू बसली पाहिजे.

*

आता मूळ गोष्ट. ‘ही रॅम या बोर्डात चालेल का?’ या प्रश्नाला सुरतेच्या माणसाला चटकन पटेल असं उत्तर त्याच्याच कारखान्यात आहे. वॉटरजेट लूमवर पॉलिएस्टरचं सूत धावतं, कापसाचं धावत नाही. कारण तिथं बाणा पाण्याच्या झोतानं फेकला जातो आणि कापूस पाणी पितो. कापसाचं सूत कितीही भारी आणलं तरी ते त्या मशीनचं नव्हे. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांचं नेमकं तसंच आहे. नवी रॅम जुन्या बोर्डात ‘जरा हळू चालेल’ असा प्रकार नसतो. ती बसतच नाही.

दोन्हींना पिना २८८ च आहेत, लांबी तीच, त्यामुळे हातात घेऊन फरक कळत नाही. खालच्या कडेची खाच मात्र वेगळ्या जागी आहे. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ वर, आणि डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डावरून उठून खुद्द रॅमच्या पट्टीवर आली आहे. त्याआधीच्या डीडीआर३ ला पिना २४० आणि वीज १.५ व्होल्ट. डीडीआर३ चं मानक २००७ चं, डीडीआर४ चं २०१२ चं, डीडीआर५ चं जुलै २०२० चं. खाच जुळत नसताना अंगठ्यानं जोर लावून पट्टी बसवायचा प्रयत्न घरोघरी होतो आणि त्यात स्लॉट कायमचा जातो.

हे सगळं ठरवतो कोण? पूर्वी रॅमशी बोलणारा कंट्रोलर बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीनं तो २००३ मध्ये अॅथलॉन ६४ च्या पोटात नेला, इंटेलनं २००८ मध्ये. तेव्हापासून साखळी अशी झाली : प्रोसेसर सॉकेट ठरवतो, सॉकेट बोर्ड ठरवतो आणि बोर्ड-प्रोसेसर मिळून रॅम ठरवतात. एएमडीचं एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. इंटेलचं ऑक्टोबर २०२४ चं एलजीए१८५१ हेही फक्त डीडीआर५.

गोंधळ होतो तो मधल्या एलजीए१७०० वर. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलची बारावी पिढी आली आणि तिच्या प्रोसेसरात दोन्ही रॅमचे कंट्रोलर होते. तेरावी, चौदावी पिढीही त्याच सॉकेटवर चालते. त्यामुळे एच६१०, बी६६०, बी७६० या चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ चेही निघाले आणि डीडीआर५ चेही. नाव तेच, खोक्याचा रंग तोच, फक्त शेवटी ‘डीडीआर४’ किंवा ‘डी४’ अशी शेपटी. कोटेशनमध्ये ती शेपटी गळते. बोर्ड एका दुकानातून आणि रॅम ऑनलाइन सेलमधून घेणाऱ्यांचं घोडं हमखास इथंच अडतं. म्हणून कोटेशनवर मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्यावं. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

*

आता ज्याच्याबद्दल मला खरोखर राग आहे त्याबद्दल.

‘फक्त पंधरा हजारांत गेमिंग पीसी’ अशी जाहिरात मोबाइलवर रोज दिसते. आत असतो इंटेलचा तिसऱ्या पिढीचा जुना आय५, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा, आणि एच६१ चिपसेटचा बोर्ड. बोर्ड अगदी नवाकोरा, खोक्यातून काढलेला. पण चिपसेट २०११ चा. अशा पीसीला डीडीआर३ रॅम लागते आणि तीही बहुतेकदा दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबीपर्यंत. काचेचं कॅबिनेट आणि चार दिवेवाले पंखे लावले की तो हुबेहूब नवा दिसतो.

पोरगा तो घरी नेतो, जीटीए ५ चालतं, घर खूश होतं. मग एक-एक दार बंद होत जातं. विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. आडवाटेनं विंडोज ११ टाकलं तरी त्यावर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं, म्हणजे ज्या खेळासाठी पीसी घेतला तोच उघडत नाही. रॅम वाढवावी तर डीडीआर३ वर घातलेला प्रत्येक रुपया मातीत; ती पट्टी पुढच्या कुठल्याही बोर्डात जाणार नाही. प्रोसेसर बदलावा तर त्या सॉकेटवर त्याच काळातले जुनेच प्रोसेसर. पंधरा हजारांत घेतलेल्या पीसीतलं कॅबिनेट सोडून फारसं काही पुढे नेता येत नाही. दोन वर्षं थांबून पंचवीस हजार जमवलेल्या पोराच्या हाती त्याच्यापेक्षा किती तरी जास्त लागलं असतं. हे सांगणारं त्या घरात कोणी नसतं, आणि विकणारा सांगत नाही.

याचीच भावंडं आणखी दोन. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि अभ्यासाला, टायपिंगला ते चांगलेच असतात. पण त्यांतल्या पुष्कळ मॉडेलांत बोर्डाला येणारी विजेची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते, कंपनीची स्वतःची असते. पुढं ग्राफिक कार्डासाठी मोठा एसएमपीएस घ्यायला गेलं की तो लागत नाही. दुसरं भावंड सर्व्हरमधून निघालेली रॅम. सोळा जीबीची पट्टी निम्म्या भावात मिळते, कारण ती ‘रजिस्टर्ड’ जातीची असते. डीडीआर४ ची अशी पट्टी घरगुती बोर्डात खाचेसकट नीट बसते, आणि पीसी चालू होत नाही. पट्टीवरच्या लेबलवर भाव लिहिलेला नसतो पण जात लिहिलेली असते : नेहमीच्या रॅमवर ‘यू’, सर्व्हरच्या रॅमवर ‘आर’. ते अक्षर वाचायला शिकावं.

*

रॅमचा वेग हा विषय दुकानात सगळ्यात जास्त बोलला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो.

‘३२००’, ‘५६००’, ‘६०००’ हे आकडे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची देवघेव होते ते सांगतात. ३२०० म्हणजे ३२० कोटी वेळा. एका ठोक्याला दोनदा देवघेव होते, म्हणून डीडीआर. आता यातून एक गैरसमज नेहमी उठतो. पोरगा घरी येऊन सीपीयू-झेड उघडतो, तिथं १६०० दिसतं, आणि दुकानदारानं फसवलं म्हणून भांडायला जातो. ३२०० च्या रॅमला तिथं १६००च्या आसपासच दिसणार. ते ठोके आहेत, देवघेव नव्हे. दुकानदार इथं बरोबर असतो.

पण टास्क मॅनेजरमध्येच २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर तक्रारीला जागा आहे. रॅम नवी बसवली की बोर्ड तिला आधी सावध, ठरलेल्या मूळ वेगावर चालवतो. खोक्यावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक प्रोफाइल चालू करावी लागते : इंटेलच्या घरात तिला एक्सएमपी म्हणतात, एएमडीनं एएम५ बरोबर आणलेली ती एक्सपो. कित्येक घरांत हे कधी केलेलंच नसतं. ६००० ची रॅम घेऊन ४८०० वर वर्षानुवर्षं चालवणारे मी पाहिले आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, असेंबल करणाऱ्याकडून समोर उभं राहून करून घ्यावं. एक सावधगिरी मात्र खरीच घ्यायची : एएम५ वर आधी बायोस अद्ययावत करायचं, मग एक्सपो. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं जगभर गाजली. प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीनं नव्या बायोसमधून ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं.

वेगाच्या शेजारी ‘सीएल’ असा दुसरा आकडा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. मागितल्यापासून माहिती हाती यायला किती ठोके लागतात, ते हा आकडा सांगतो. हिशेब सोपा आहे : सीएलला २००० नं गुणायचं, वेगानं भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३२०० सीएल२२ म्हणजे पावणेचौदा. ६००० सीएल३० पुन्हा १०, आणि ५६०० सीएल४६ सोळाच्या वर. दुकानात ‘३२०० ची रॅम’ म्हणून सीएल१६ आणि सीएल२२ या दोन्ही एकाच रांगेत ठेवलेल्या असतात, भावात फरकही फारसा नसतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे दहा सेकंदांत निघतं.

रॅम माहिती मुळात साठवते कशी, हेही सांगावंसं वाटतं, कारण त्यामागची कल्पना फार सुंदर आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एका ट्रान्झिस्टरच्या जोडीला एक इवलासा कपॅसिटर एवढ्यात एक बिट साठवायची युक्ती काढली. १९६८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. आजची प्रत्येक रॅम त्याच युक्तीवर उभी आहे. त्या कपॅसिटरमधली वीज सतत गळत असते, म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं. उष्णता वाढली की गळती वाढते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात, काच लावलेल्या बंद कॅबिनेटात, ताणून वेगावर बसवलेली रॅम अचानक निळा पडदा दाखवते ती उगाच नाही. अशा घरानं दिव्यांऐवजी समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्यावं.

बरं, वेग किती घ्यावा? आय५-१२४००एफ सारख्या प्रोसेसरबरोबर डीडीआर४ असेल तर ३२०० वर थांबावं. तिथं कुलूपबंद प्रोसेसर त्यापुढे फारसा साथ देत नाही आणि एच६१० चा बोर्ड तर अधिकृत मर्यादेपुढे जाऊच देत नाही. एच६१० वर ३६०० ची रॅम म्हणजे वरचे पैसे वाया. एएम४ वर रायझन ५६०० असेल तर ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८, दोन्हींचा हिशेब १० नॅनोसेकंदच येतो. एएम५ वर खुद्द एएमडीच ६००० ला योग्य जागा म्हणते. नावात एक्स३डी असलेल्या प्रोसेसरांना पोटातच मोठा कॅश असतो, रॅमच्या वेगाचं त्यांना कौतुक कमी. तिथं स्वस्त रॅम घ्यावी आणि उरलेले पैसे कार्डात घालावेत.

*

एक पट्टी की दोन? इथं टप्प्याटप्प्यानं घेणाऱ्याची खरी कोंडी होते.

बोर्डावर रॅमचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. दोन पट्ट्या वेगवेगळ्या मार्गांवर बसवल्या तर रुंदी दुप्पट होते. ग्राफिक कार्ड न घेता रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर आधी खेळायचं असेल, तर हा फरक डोळ्यांनी दिसतो, कारण तिथं ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं. तिथं एक १६ घेण्यापेक्षा दोन ८ घ्याव्यात, यात मला दुमत दिसत नाही. चार स्लॉटच्या बोर्डात त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच मार्गावर जातात आणि दोन पट्ट्यांचे पैसे देऊन एकीचाच वेग मिळतो. ही चूक घरी जोडलेल्या पीसीत फार दिसते.

वेगळं ग्राफिक कार्ड असेल आणि पैसे आज एकाच पट्टीचे असतील, तर माझं मत : डीडीआर५ ची १६ जीबीची एकच घ्यावी, ८ च्या दोन घेऊ नयेत. आजच्या खेळांना १६ हा तळ आहे; सायबरपंक २०७७ सुद्धा २०२३ नंतर किमान १२ आणि शिफारस म्हणून १६ जीबी मागतो. पुढं दुसरी १६ घातली की ३२ होतात आणि मार्गही दोन होतात. ८ च्या दोन घेतल्या तर पुढं चार पट्ट्या कराव्या लागतात, आणि डीडीआर५ ला चार पट्ट्या सोसत नाहीत. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार भरल्या की तो ३६०० वर येतो. चार स्लॉट दिसतात म्हणून चारही भरायचे, हा डीडीआर३ च्या काळातला हिशेब आता चालत नाही.

दुसरी पट्टी घेताना पहिलीच्या लेबलचा फोटो जवळ असावा. तेच मॉडेल मिळालं तरी आतली चिप सॅमसंगची, हायनिक्सची की मायक्रॉनची, हे बॅचगणिक बदलतं. कंपन्या ते खोक्यावर लिहीत नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र नांदतात, कधीकधी नांदत नाहीत. म्हणून ‘नाही चालली तर बदलून देणार’ हे बिल फाडण्याआधी बोलून घ्यावं. ज्याला एकदम घेणं जमतं त्यानं एकाच खोक्यातली जोडी घ्यावी, आणि बोर्ड-कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाबरोबर तपासलेल्या रॅमची यादी असते, तिच्यात ती आहे का ते बघावं. यादीत नसली म्हणजे चालणार नाही असं मुळीच नाही. असली तर भांडायला आधार मिळतो.

*

या सगळ्यावर २०२५ च्या अखेरीनं मोठी आपत्ती आणली. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आपले कारखाने वळवले. डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेण्याच्या घोषणा त्याच वर्षी झाल्या होत्या. जूनमध्ये तर ती जुनी रॅम नव्या रॅमपेक्षा महाग विकली गेली. दिवाळीनंतर डीडीआर५ चे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं जाहीर केलं की ‘क्रुशियल’ या नावानं होणारी ग्राहकांसाठीची विक्री ती बंद करत आहे. इथल्या काउंटरवरची ही एक भरवशाची, मध्यम भावाची रॅम होती.

गंमत नव्हे, दुःख वाटावं अशी गोष्ट ही की याच मायक्रॉनचा मेमरी जोडणीचा आणि तपासणीचा प्रकल्प गुजरातेत, अहमदाबादजवळच्या साणंदला आहे. २०२३ च्या जूनमध्ये करार झाला, सप्टेंबरमध्ये पायाभरणी. एकूण गुंतवणूक पावणेतीन अब्ज डॉलर. त्यात मायक्रॉनचा वाटा साडेब्याऐंशी कोटी डॉलरपर्यंतचा, बाकीचं केंद्राचं आणि राज्याचं साहाय्य. खुद्द सुरतेतही कापडाच्या धंद्यातून आलेल्या एका उद्योगसमूहानं सुची सेमिकॉन हा चिप जोडणीचा कारखाना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केला. हे सगळं अभिमानाचं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण साणंदला बाहेरून आलेल्या चिपा जोडल्या-तपासल्या जातात आणि जागतिक बाजारात जातात. लिंबायतच्या पोराला पट्टी त्यामुळे स्वस्त मिळत नाही. मेमरीचा भाव जगात एकच असतो, आणि वर १८ टक्के जीएसटी.

या महागाईत माझा सल्ला बदलला आहे. पूर्वी कोणी विचारलं तर डोळे मिटून एएम५ आणि डीडीआर५ सांगत असे. आता आधी विचारतो, घरात किंवा नात्यात कोणाकडे डीडीआर४ ची चांगली जोडी पडून आहे का? असेल तर बी५५० चा बोर्ड आणि रायझन ५६०० घेऊन तीच रॅम वापरावी, आणि दोन-तीन वर्षं सुखानं काढावीत. रॅम नव्यानंच घ्यायची असेल तर मात्र डीडीआर५ च, कारण ती पुढच्या बोर्डात नेता येईल. एएम५ वर २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देण्याचं एएमडीनं जाहीर केलेलं आहे. रॅम एवढी महाग झाल्यावर तिच्याभोवती बोर्ड निवडायचा, हा क्रम मी तरी यापूर्वी कधी सुचवला नव्हता.

*

बोर्ड हाती घेतल्यावर बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या. एक वाकली तरी एका बाजूची रॅम दिसेनाशी होते, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नसते. म्हणून दुकानातच झाकण उघडून सॉकेटचा फोटो काढावा. बिलावर बोर्डाचा आणि रॅमचा सिरियल नंबर हवा. बोर्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, चांगल्या रॅमला दहा वर्षांची किंवा त्याहून अधिक, पण ती अधिकृत वितरकाच्या मालाला. आणि पीसी दुकानातच चालू करून बघावा, कारण धनत्रयोदशीला घेतलेला पीसी पाडव्याला बंद पडला तर लाभपाचमीपर्यंत सुरतेत शटर उघडत नाहीत.

एएम५ चा पीसी पहिल्यांदा चालू केला की पडदा काळाच राहतो, कधी काही मिनिटं. बोर्ड तेवढ्या वेळात रॅमची नस ओळखत असतो. बोर्डावरचा ‘डीआरएएम’ लिहिलेला छोटा दिवा पेटलेला बघून लोक घाबरतात, बटण दाबून बंद करतात, आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थांबावं.

आणि उधना-लिंबायतच्या घरांसाठी आणखी एक. लूमच्या खात्यांतून उडणारी तंतूंची बारीक रुई घरांत येते, पंख्यांवर थर धरते, स्लॉटमध्ये शिरते. पावसाळ्यात दमट हवेची तिला जोड. ‘चालू होतो पण डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीवर इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय खोडरबर : रॅम काढायची, सोनेरी पट्टी पांढऱ्या रबरानं अलगद पुसायची, स्लॉट ब्रशनं झाडायचा, पुन्हा बसवायची. पुष्कळदा एवढ्यानं पीसी सुरू होतो. हे घरी करता येतं; वीज बंद करून, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये न पाडता. ‘रॅम गेली’ म्हणून नवी घ्यायला निघण्याआधी एवढं जरूर करावं.

बोर्ड नीट निवडला तर काय हाती लागतं, याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण बी४५० चं आहे. हा चिपसेट २०१८ चा. त्या वर्षी ज्यांनी रायझन ३ २२००जी आणि ८ जीबी रॅमवर साधा पीसी जोडला त्यांना वाटलं नव्हतं की त्याच बोर्डात पुढं रायझन ५००० बसेल. मे २०२० मध्ये एएमडीनंच सांगितलं होतं की पुढच्या पिढीला हे बोर्ड चालणार नाहीत. जगभरच्या ग्राहकांनी आरडाओरड केली आणि त्याच महिन्यात कंपनीनं निर्णय फिरवला. आज त्याच २०१८ च्या बोर्डात ५६०० घालून, रॅम दोन पट्ट्यांची करून, लोक नवे खेळ खेळत आहेत. बदल करताना क्रम मात्र पाळायचा. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करायचं, पीसी एकदा सुरू होऊन नवा आवृत्ती-क्रमांक दिसला की मगच तो काढायचा. उलट केलं तर नव्या प्रोसेसरवर पडदा काळा राहतो, आणि जुना तोवर विकलेला असला तर कोणाकडून तरी उसना मागून आणावा लागतो.